मालाड जागेवरच, जिल्हा मात्र फिरता

आजचा विषय ऐकायला एकदम सरकारी आहे: जिल्हा आणि तालुका. पण थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. अ‍ॅडमिशनच्या किंवा जात प्रमाणपत्राच्या वेळी हीच माहिती कामाला येते.

साधा प्रश्न. मालाड कुठल्या जिल्ह्यात आहे? बहुतेक जण म्हणतील, मुंबई. कागदावरचं उत्तर वेगळं आहे: तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर. आणि सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं, तालुका साष्टी, जिल्हा ठाणे. गाव तेच. हलली ती रेघ.

आता ही रेघ कशी हलली ते बघू. वांद्र्यापासून वर भाईंदरच्या खाडीपर्यंतचा भाग म्हणजे साष्टी बेट. १५३४ पासून ते पोर्तुगीजांकडे होतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. पण इंग्रजांच्या काळातही साष्टी म्हणजे मुंबई नव्हे. मुंबई शहर माहीमला संपायचं. साष्टी हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि तालुक्याचा कारभार मामलेदाराकडे. मामलेदार म्हणजे आजचा तहसीलदार. मालाड पश्चिमेला मामलेदारवाडी आहे ना, त्या नावात हा जुना शब्द अजून जिवंत आहे.

पुढे शहर वाढलं, लोक लोकलने उत्तरेकडे राहायला आले. १९२० मध्ये साष्टीचे दोन तुकडे झाले. दक्षिण साष्टी ठाण्यापासून तोडली आणि मुंबई उपनगर हा नवा जिल्हा केला. त्यानंतर तीसेक वर्षं सीमा पुन्हा पुन्हा बदलत राहिल्या. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत आली. म्हणजे मालाड अजून बाहेरच! मग १९५६ च्या कायद्याने बोरिवली तालुक्यातली २७ गावं आणि ४ शहरं ठाणे जिल्ह्यातून निघून बृहन्मुंबईत आली. १ फेब्रुवारी १९५७ पासून पालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. तेव्हा कुठे मालाड मुंबई महापालिकेत आलं. आणि १ ऑक्टोबर १९९० ला बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. उपनगरचे तालुके तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. कलेक्टर ऑफिस वांद्र्याला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. लंडनला लागून मिडलसेक्स नावाची जुनी काउंटी होती. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. १९६५ मध्ये तिचा बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला आणि कारभारातून काउंटी संपली. पण क्रिकेट बघणाऱ्यांना विचारा, मिडलसेक्सची टीम अजून लॉर्ड्सवर खेळते. पत्त्यातही लोक ते नाव लिहितात. आपणही तसेच. इतकी वर्षं पालिकेत राहून मालाडची जुनी माणसं चर्चगेटला निघाली की म्हणतात, 'मुंबईला जाऊन येतो.'

आता मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्रासाठी ठरावीक तारखेला किंवा त्याआधी तुमचं कुटुंब कुठे राहत होतं याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता या तारखा आणि आपली १९५७ ची तारीख शेजारी ठेवा. मढ, एरंगळ, मालवणीच्या कोळीवाड्यातल्या किंवा पाड्यातल्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला निघतो. त्यावर 'जि. ठाणे'. नातवाच्या फॉर्मवर 'मुंबई उपनगर'. मग घरात घबराट. कुणीतरी सांगतं, दाखला चुकीचा आहे, दुरुस्त करून आणा.

दाखला चुकीचा नाही. त्या वर्षी तेच बरोबर होतं.

म्हणून जुना कागद हातात आला की आधी वर्ष वाचा. मग गावाचं नाव शोधा: मालाड, वळनई, कुरार, दिंडोशी, आक्से, मार्वे. तालुका आणि जिल्हा बदलत गेले, मौजे गाव टिकलं. आजच्या प्रॉपर्टी कार्डवरही तेच नाव असतं. फॉर्म भरताना जुना पत्ता त्या काळच्या तालुका-जिल्ह्यासह जसाच्या तसा लिहा, आजचा पत्ता आजच्या जिल्ह्यासह. कागदावर खाडाखोड अजिबात नको. खिडकीवर कुणी अडवलं तर १९५७ चा बदल शांतपणे सांगा.

आणि एक घोळ कायमचा मिटवू. पालिका आणि जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी, कचरा, जन्मदाखला यासाठी पालिकेचं वॉर्ड ऑफिस. उत्पन्नाचा दाखला, जमिनीची नोंद यासाठी तहसीलदार आणि कलेक्टर. चुकीच्या रांगेत उभं राहून अर्धा दिवस घालवायचा नसेल तर एवढं लक्षात ठेवा.

आज घरी गेल्यावर कपाटातली ती जुनी पिशवी उघडा. आजी-आजोबांच्या कागदावर कुठला तालुका, कुठला जिल्हा आहे ते बघा आणि आम्हाला कळवा. त्या कागदाचा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका हां! भेटू पुढच्या भागात.