जिल्ह्याची शाळा, गावाची लेकरे
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देऊळ उभे राहते ते पुष्कळ हातांनी. कोणी दगड देतो, कोणी वाळूची खेप टाकतो, ज्याच्याजवळ पैसा नाही तो चार दिवस अंगमेहनत करतो. ज्याची जशी ऐपत तसा त्याचा वाटा. पण दर्शनाला उभे राहताना रांग सर्वांची एकच असते. मुलांच्या शिक्षणात मात्र अशी एक रांग क्वचितच दिसते. ज्याच्या घरी पैसा त्याचे मूल शहरात जाते, आणि ज्याच्या घरी नाही त्याचे मूल दहावीच्या आतच शेतावर येते. ही रीत थोडीफार मोडणारी एक सरकारी शाळा जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिचे नाव जवाहर नवोदय विद्यालय. या शाळेत गावातल्या घरांना काय मिळू शकते, आणि त्यासाठी घरांनी व गावाने काय करावे, एवढाच आजचा विषय.

१९८५-८६ साली प्रयोग म्हणून देशात अशी दोन विद्यालये निघाली. एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावती जिल्ह्यात. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही योजना देशभर नेली. त्या वेळी पंतप्रधान राजीव गांधी होते आणि शिक्षणाचे खाते पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे होते. नरसिंह रावांचा मराठीशी जुना संबंध. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीचे तेलुगू भाषांतर त्यांनीच केलेले आहे. खेड्यातील हुशार मुलाला, बापाची ऐपत न विचारता, उत्तम शिक्षण द्यावे, हा या शाळांमागचा विचार. केंद्र सरकार शाळा चालवते; तिच्यासाठी सुमारे ३० एकर जमीन राज्य सरकार विनामूल्य देते.

शाळा सहावी ते बारावी आणि पूर्णपणे निवासी. राहणे, जेवणखाण, गणवेश, पुस्तके यांचा भार घरावर नाही. सहावी ते आठवी कोणतीच फी नाही. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून साधारणपणे महिन्याला ६०० रुपये घेतले जातात. पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले, दिव्यांग मुले आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुले यांना तोही माफ आहे. म्हणजे शेतमजुराच्या घरातील मुलगी सात वर्षे शिकून बारावी होते, आणि त्यासाठी बापाला ना जमीन गहाण ठेवावी लागते ना सावकाराचा उंबरठा चढावा लागतो.

प्रवेश मात्र सोपा नाही. एका विद्यालयात सहावीला दरवर्षी जास्तीत जास्त ८० जागा. त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी. पाचवीत शिकणाऱ्या मुलांची परीक्षा होते. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण; त्यांतले ५० गुण बुद्धिमत्तेचे, २५ गणिताचे आणि २५ भाषेचे. परीक्षा मराठीतून देता येते. अर्जाला पैसा पडत नाही. मात्र संधी आयुष्यात एकदाच. पाचवीचे वर्ष गेले की सहावीचे हे दार पुन्हा उघडत नाही.

आता एक नियम प्रत्येक आईबापाने कानात साठवून ठेवावा. ग्रामीण जागेवर हक्क सांगणाऱ्या मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण वेळ ग्रामीण भागातील शाळेतच शिकलेले असावे लागते. मधला एक दिवस जरी शहरातील शाळेत गेला असला तरी ते मूल शहरी गणले जाते. अनेक घरे मोठ्या हौसेने, पोटाला चिमटा घेऊन, लेकराला गाडीत बसवून शहरातल्या शाळेत धाडतात. त्यांच्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण गावच्या मराठी शाळेत राहिलेल्या मुलाकडे जो हक्क असतो तो आपण सोडून देत आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आणि ज्या घरांना शहर परवडत नाही, त्यांनी आपल्या लेकराचे काही उणे झाले असे मानू नये. या एका बाबतीत गावची शाळाच त्यांची पुंजी आहे.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. नवोदयात नंबर लावून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. निवड होते ती परीक्षेतील गुणांवर आणि ठरलेल्या आरक्षणावर. मुलाची तयारी व्हावी ती रोजच्या गणिताने, वाचनाने आणि गुरुजींच्या देखरेखीखाली.

नंबर लागला तरी खरी कसोटी त्यानंतर येते. दहा-अकरा वर्षांचे पोर ट्रंक घेऊन वसतिगृहात राहायला जाते. आईचा जीव तुटतो. पोरही पहिले काही दिवस रडते. मुलगी असेल तर भावकीतले चार जण विचारतात, एवढ्या लांब कशाला? या प्रश्नाला हसून उडवू नये. मूल दूर पाठवणे ही लहान गोष्ट नव्हे. पण हेही पाहावे की तेथे मुलींचे वसतिगृह वेगळे असते आणि शिक्षक आवारातच राहतात. मुले अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशा चार सदनांत वाटलेली असतात. सकाळची कवायत, अभ्यास, खेळ, सारे वेळेवर चालते. नववीत काही मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयात जातात आणि तिकडची मुले इकडे येतात. मराठी घरातले मूल हिंदी मुलखात वर्ष काढते, हे शिक्षण कोणत्या पुस्तकातून मिळावे? पुढच्या शिक्षणासाठीही आधार मिळतो. दक्षणा ही संस्था निवडक नवोदय विद्यार्थ्यांकडून अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी विनामूल्य करवून घेते. तिचे एक केंद्र पुणे जिल्ह्यातच, खेड तालुक्यात कडूस परिसरात आहे.

तथापि, जिल्ह्यातून ८० मुले जातात आणि हजारो मागे राहतात. ज्याचा नंबर लागला नाही ते मूल ढ ठरत नाही. दोन तासांच्या परीक्षेने माणसाची किंमत होत नसते. नववीत रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा होते, ती संधी त्याच्यापुढे आहेच. आणि तयारीच्या निमित्ताने पक्के झालेले गणित त्याला गावच्या हायस्कुलातही उपयोगीच पडते. म्हणून तयारी दोन-चार निवडक मुलांची नव्हे, सबंध वर्गाची व्हावी.

शेवटी एका घराची गोष्ट. ते घर कोणत्याही एका गावचे नाही, पुष्कळ गावांत आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघते. आई, बाप आणि लेकरे एकाच ट्रकात. मूल पाच-सहा महिने फडावर राहते आणि शाळा बुडते. ज्याला तीन वर्षे पुरी शाळा करायची आहे, त्याचा हक्क तेथेच बुडतो. मूल हुशार असो वा नसो, त्याची बस परीक्षेआधीच सुटलेली असते. सरकारच्या हंगामी वसतिगृहांची योजना अशाच मुलांसाठी आहे. पण ती गावात नीट चालावी तर गावाने लक्ष घालावे लागते. जेथे आजी-आजोबा घरी आहेत तेथे त्यांना आधार हवा. जेथे नाहीत तेथे मुलाला दोन वेळचे ताट आणि रात्री अभ्यासापुरता उजेड देणारे घर हवे.

ज्या गावाने वर्गणी काढून कळस चढवला, त्या गावाला हे जड नाही. जीर्णोद्धाराचा हिशेब पुरा झाल्यावर समितीने एक वही निराळी काढावी. तिच्यात तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचे नाव असावे आणि हंगामात कोण बाहेरगावी जाणार, कोण मागे राहणार, याची नोंद असावी. सभामंडपात संध्याकाळी दोन तास मुले अभ्यासाला बसावीत. दिवाबत्ती आहेच, सतरंजीही आहे. परगावच्या देणगीदारांनी यंदा पायरीवर नाव कोरून घेतले. पुढील वर्षी त्यांनी एका लेकराच्या सहा महिन्यांच्या जेवणाचा खर्च उचलावा. त्याचे नाव कोठेही कोरले जाणार नाही, पण ते मूल फडावर न जाता वर्गात बसलेले दिसेल.