चुकलेला तास



माण हा अवर्षणाचा तालुका. पाऊस नसला की आईबाप कामासाठी गाव सोडतात. मुलांची शाळा मध्येच सुटते. पुढे अकरावीत विज्ञान घेतलेली आपली आदिवासी मुले भौतिकशास्त्राच्या उदाहरणांपाशी अडतात.

एक उदाहरण पाहा. बंद डब्यातली हवा सकाळी २७ अंश सेल्सिअस होती, दुपारी उन्हात ५४ झाली. दाब किती वाढेल? मुले म्हणतात, दुप्पट. पण वायूच्या नियमात तापमान केल्व्हिनमध्ये घ्यावे लागते, म्हणजे २७३ मिळवायचे. ३०० चे ३२७ झाले. दाब वाढला फक्त ९ टक्के.

मुलांचा भागाकार बरोबरच होता. २७३ शिकवले, तो तास तेवढा चुकला होता. विद्युत परिपथात ६ ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर ३ ओहम होतात, १२ नव्हे. संवेगात उलट दिशेला उणे चिन्ह द्यायचे. एवढे कोणी शेजारी बसून सांगितले की उत्तर मूल स्वतः काढते.

तुमच्या देणग्यांनी वह्या-पुस्तके आली. देवाची स्तुती असो. मंडळीत शिक्षक आहेत, वायरमन आहेत, इंजिनिअर आहेत. त्यांनी आठवड्यातला एक तास या मुलांना द्यावा, एवढीच विनंती.