वेगवान मोटारीच्या नव्या धन्यास



तीर्थपुरीसारख्या गांवीं वेगवान मोटारीची चर्चा व्हावी, याचें आतां नवल वाटूं नये. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सारा मार्ग पुरा झाला, आणि जालना जिल्ह्यास ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेला रस्ता लाभला. तीर्थपुरीचे माझे एक तरुण स्नेही नुकतेच अशा मोटारीचे धनी झाले. त्यांनीं मला जे प्रश्न विचारले, ते बहुतेक प्रत्येक नवा धनी विचारतो. म्हणून त्यांचीं उत्तरें आज आपणां सर्वांसमक्ष देतों.

पहिला प्रश्न असा कीं, नवी गाडी लगेच पुऱ्या वेगानें पळवावी काय? पळवूं नये. इंजिनाचे नवे भाग एकमेकांशीं घासून रुळावे लागतात. टायर आणि ब्रेक यांचेंही तसेंच. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर वेग मध्यम ठेवावा, पण तासन् तास एकसारखाहि ठेवूं नये. नेमका आंकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेंत असतो. तो प्रमाण मानावा.

दुसरा प्रश्न पेट्रोलाचा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि त्यांतलें कांहीं उंसापासूनच होतें. टाकीच्या झांकणावर किंवा पुस्तिकेंत अशा इंधनास मान्यता असेल तर भय नाहीं. इथेनॉलमध्यें उष्णता पेट्रोलापेक्षां सुमारें एक-तृतीयांश कमी, म्हणून लिटरामागें अंतर थोडें घटेल, इतकेंच. मात्र पुस्तिकेनें अधिक ऑक्टेनचें पेट्रोल सांगितलें असेल तर तेथें काटकसर करूं नये. जास्त दाबाच्या इंजिनांत हलकें पेट्रोल अवेळीं पेटतें, आणि ठोके बसूं लागतात.

तिसरा प्रश्न टर्बोचा. धुराच्या जोरानें फिरणारें हें चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें, आणि तें तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतें. सकाळीं तेल थंड व घट्ट असतें. म्हणून पहिलीं कांहीं मिनिटें गाडी सावकाश चालवावी. जोराचा प्रवास संपवितांनाहि शेवटचे दोन-तीन किलोमीटर संथपणें जावें, म्हणजे चाक निवतें.

चौथी तक्रार गतिरोधकांची. नियमाप्रमाणें त्याची उंची १० सेंटिमीटर. गांवोगांवचे उंचवटे कोणी मोजून घातलेले नसतात, आणि या गाडीचें पोट जमिनीशीं लागलेलें. चार माणसें बसलीं कीं तें आणखी खालीं येतें. तेथें सावकाशीवांचून दुसरा उपाय नाहीं. टायरमधील हवा मात्र गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांनाच पाहावी. कमी हवेचा टायर वेगांत वारंवार दबून तापतो आणि फुटतो.

हें सारें बोलणें चाललें असतां स्नेह्यांच्या मातोश्री चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "सात सेकंदांत शंभराचा वेग घेते, हें यानें साऱ्या गांवाला सांगितलें. पण ती थांबते किती जागेंत, तें कोणी विचारलें का, भाऊ?"

आम्ही दोघेहि ओशाळलों. खरा प्रश्न तोच होता. १२० च्या वेगानें गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. म्हणजे पाय ब्रेकवर पोंचण्यांत एक सेकंद गेला, तर ३३ मीटर आधींच मागें पडतात. गाडी थांबूं लागते ती त्यानंतर. शिवाय वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. ६० च्या वेगाला ब्रेक लागल्यावर वीस मीटर पुरत असतील, तर १२० ला ऐंशी लागतात.

आतां आमच्या भागांतला गाळपाचा हंगाम डोळ्यांपुढें आणा. रात्रीं उंसानें भरलेली ट्रॉली रस्त्यावर उभी आहे, तिच्या मागें ना दिवा ना चकाकती पट्टी, आणि तिच्या कडेला एखादा मजूर आपल्या लेकरासह निजलेला आहे. तेथें इंजिनाची शक्ति काय कामाची? आपल्या दिव्याचा उजेड जेथवर पोंचतो, त्याच्या आंत गाडी थांबली पाहिजे. रात्रींच्या वेगाची मर्यादा हीच.

स्नेह्यांनीं दुसऱ्या दिवशीं गाडीचे ब्रेक आणि टायर तपासून घेतले, आणि महामार्गापर्यंतचा रस्ता अंधारांत ४० च्या वेगानें गांठण्याचें आईला वचन दिलें. आपल्या घरींहि अशी गाडी आली असेल, तर मातोश्रींचा प्रश्न प्रथम विचारावा, एवढें सुचवून रजा घेतों.