स्तनाचा कर्करोग आणि मनाचे दुखणे



एखाद्या बाईला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले की दोन वाक्ये हटकून कानावर पडतात. घरातली वडीलधारी म्हणतात, "तिनं हाय खाल्ली, म्हणून दुखणं बळावलं." भेटायला आलेली मंडळी सांगतात, "मन घट्ट कर, म्हणजे बरी होशील." मी काही वैद्य नव्हे, मानसशास्त्र शिकवणारा माणूस. तेव्हा या बोलण्यात तथ्य किती, एवढेच आज पाहू.

अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर दर आठवड्याला एकत्र बसवून मन मोकळे करू दिले. त्या सरासरी ३७ महिने जगल्या, बाकीच्या १९ महिने. साहजिकच आशा वाढली. पण कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २००१ साली आला. आयुष्य वाढले नाही. मात्र मनाला उतार पडला आणि वेदना कमी जाणवल्या. पुढे २००७ साली खुद्द स्पीगेल यांच्या १२५ स्त्रियांवरील प्रयोगातही एकंदरीत आयुष्य वाढलेले दिसले नाही. तेव्हा जी बाई या रोगातून वाचली नाही, ती मनानं कमी पडली, असं कुणीही म्हणू नये.

मग मनाच्या आजाराचा काही संबंधच नाही का? आहे, पण तो असा. अमेरिकेत सदुसष्ट वर्षांवरील सुमारे २४,७०० रुग्ण स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना आधीपासून नैराश्याचा आजार होता, त्यांच्यापैकी शंभरांत ६० जणींनाच पुरेसे उपचार मिळाले होते. इतरांत ६६ जणींना. नैराश्य असलेल्या स्त्रिया कमी जगल्या. उपचारांतल्या या फरकाने सगळा हिशेब जुळला नाही, हेही त्या संशोधकांनी नमूद केले आहे. परंतु जो भाग आपल्या हातात आहे, तो तरी सोडू नये.

आता आपल्या घराकडे पाहा. स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. नैराश्यानं ग्रासलेली बाई ती कुणाला सांगत नाही. तिला अंथरुणातून उठणंच जड झालेलं असतं. छिन्नमनस्कतेचा आजार असलेली बाई सांगते, पण घरचे म्हणतात, "तिचं काय मनावर घेता? तिच्या डोक्यावर परिणाम झालाय." आणि महिने निघून जातात. अशा बाईनं शरीराची तक्रार केली, तर ती आधी खरी धरा आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या.

दुसरे असे की, कर्करोगाचे उपचार सुरू झाले म्हणून मनाच्या आजाराची औषधे परस्पर बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा. नैराश्यावरील पॅरॉक्सेटिनसारख्या काही गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेन या औषधाचा गुण कमी होऊ शकतो. डॉक्टर ती गोळी बदलून देऊ शकतात, पण त्यांना ठाऊक तर हवे ना!

तिसरे, दोन आठवड्यांहून अधिक काळ बाई उदास असेल, जेवत-झोपत नसेल, "आता दवाखाना नको" म्हणत असेल, तर नुसता धीर देऊन भागत नाही. त्या उदासीवरही औषध आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येते.

शिक्षकबंधूंना आणि बाईंना एक विनंती. पुढच्या माता-पालक सभेत दहा मिनिटे हा विषय काढा. आणि गावातली अशी एखादी बहीण तालुक्याला किंवा जिल्ह्याला उपचारांना जाणार असेल, तर तिच्याबरोबर कोण जाणार, हे आधी ठरवा. एकटीनं निघायचं म्हटलं, की पुष्कळदा तिचं जाणंच राहून जातं.