बाबासाहेबांचे घर : पाहणारे आणि दाखवणारे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात यावल येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या यावल तालुक्यातून दरवर्षी 6 डिसेंबरला माणसं भुसावळला गाडी धरतात आणि दादरला उतरतात. चैत्यभूमीची रांग लावतात आणि जमलं तर हिंदू कॉलनीत राजगृहावरही जाऊन येतात. पण राजगृहावर जाऊन आलेल्या माणसाला विचारा, "काय पाहिलं?" बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "खूप गर्दी होती." एवढ्या लांब जाऊन माणूस गर्दी पाहून परत येत असेल, तर त्याचा विचार आपणच केला पाहिजे. म्हणून आज मी महापुरुषांच्या घरांविषयी, तिथे जाणाऱ्यांविषयी आणि तिथे उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांविषयी बोलणार आहे.

पुतळा आणि घर यांत फरक आहे. पुतळा चौकात असतो. हजार माणसं आली तरी त्याला काही होत नाही. घर मात्र एका कुटुंबापुरतं बांधलेलं असतं. त्याचा जिना अरुंद, खोल्या लहान, दारं एका माणसापुरती. राजगृह 1933 च्या सुमारास बांधून पूर्ण झालं. मगधाच्या प्राचीन राजधानीचं नाव बाबासाहेबांनी आपल्या घराला दिलं, आणि ते बांधलं मुख्यतः पुस्तकांसाठी. याच घरात 27 मे 1935 रोजी माता रमाई गेल्या. हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस त्या उंबरठ्यावर आपोआप हळू बोलतो. ज्याला कोणी सांगितलंच नाही, तो मोठ्याने हाका मारत आत शिरतो. यात त्याचा दोष नाही. त्याला सांगणारा कोणी भेटला नाही, एवढंच.

आता लंडनची गोष्ट बघा. 1921-22 मध्ये बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनमध्ये होते, तेव्हा ते दहा, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ते घर विकत घेतलं आणि 14 नोव्हेंबर 2015 ला त्याचं उद्घाटन झालं. आपल्याला आनंद झाला. पण ती वस्ती राहत्या घरांची. राहत्या घराचं संग्रहालय करायला तिथल्या कौन्सिलची परवानगी लागते. शेजाऱ्यांच्या तक्रारी गेल्या, की माणसांची ये-जा वाढली, आवाज होतो. 2018 साली कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. पुढे 2019 मध्ये रीतसर चौकशी झाली, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहिले आणि मार्च 2020 मध्ये तिथल्या सरकारने परवानगी दिली. म्हणजे बाबासाहेबांच्या घराचं दार उघडं राहील की बंद होईल, हे काही काळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आवाजावर तोललं जात होतं! पाहुण्याचं वागणं ही किती मोठी बाब आहे, हे यावरून कळतं.

याची दुसरी बाजूही आहे. 7 जुलै 2020 रोजी राजगृहावर तोडफोड झाली. कुंड्या फोडल्या, कॅमेऱ्याचं नुकसान केलं. सारा समाज पेटून उठला. तेव्हा आंबेडकर कुटुंबानेच आवाहन केलं, की शांतता राखा, राजगृहाभोवती गर्दी करू नका. करोनाचे दिवस होते. लोकांनी ऐकलं. घरावर प्रेम करणाऱ्यांनी त्या दिवशी घरापासून लांब राहून घर सांभाळलं. ही शिस्त बाहेरून आणलेली नाही, ती आपल्या चळवळीत मुरलेली आहे. चैत्यभूमीवर लाखोंची रांग लागते, तिथे समता सैनिक दलाचे जवान उभे असतात, आणि रांग पुढे सरकते. तीच शिस्त आता घरांच्या कामाला लावायची आहे.

कारण घरं राहत नाहीत, मित्रांनो. दिल्लीला 26, अलीपूर रोडवर बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. आज तिथे संविधानाच्या पुस्तकाच्या आकाराचं भव्य स्मारक आहे, 13 एप्रिल 2018 ला त्याचं उद्घाटन झालं. पण ज्या खोलीत त्यांनी अखेरचा श्वास घेतला, ती जुनी वास्तू उरली नाही. महूला जन्मस्थळी संगमरवरी स्मारक आहे, पण सुभेदार रामजींचं लष्करातलं राहतं घर आज पाहायला मिळत नाही. स्मारक पुन्हा बांधता येतं, घर पुन्हा बांधता येत नाही.

वस्तूंचंही तसंच. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. वामनराव गोडबोले यांनी ते उभं केलं. बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू तिथे आल्या. कोट, टाय, टाइपरायटर. कापड हे फार नाजूक. ऊन, दमट हवा, कसर आणि माणसाच्या हाताचा घाम, हे त्याचे चार शत्रू. "एकदा हात लावू द्या हो," असं म्हणणाऱ्याचा भाव शुद्ध असतो. पण असे हजार शुद्ध भाव एका कोटाची बाही झिजवून टाकतात. धूप-अगरबत्तीचा धूर आणि मेणबत्तीची काजळीसुद्धा भिंतीवर, कागदावर बसते.

मग करायचं काय? अमेरिकेत अटलांटा शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर आहे. तिथे एका वेळी पंधराच माणसं आत नेण्याची पद्धत होती. सोबत एक माहिती सांगणारा असे आणि त्याचे पैसे घेत नसत. मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची खोली काचेआडून पाहायची आहे, तिथे आत जाताच येत नाही. या पद्धती आपणही उचलाव्यात. आधी बाहेर सावलीत बसवा, पाणी द्या, दहा मिनिटं माहिती सांगा, मग पंधरा-पंधरांनी आत सोडा. आत गेल्यावर सांगत बसलात तर रांग तुंबते आणि कोणालाच ऐकू येत नाही.

आणि स्वयंसेवक कसा असावा? पहिली गोष्ट, त्याने शिट्टी आणि काठी बाजूला ठेवावी. केळीच्या बागेत दिवसभर राबून, रोज बुडवून आलेली एखादी माय उंबरठ्यावर डोकं टेकते, तेव्हा "चला, पुढे चला" म्हणून तिला लोटू नका. तिला वेळ द्या. पण नुसते हात जोडून तिला परतही पाठवू नका. विभूतिपूजेचा धोका खुद्द बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात सांगून ठेवला आहे. तिला म्हणा, "माय, इथे ते रात्र रात्र वाचत बसायचे. तुमची नात कितवीला आहे?" एवढ्या एका प्रश्नाने ते घर तिच्या घराला जोडलं जातं.

दुसरी गोष्ट, ठाऊक असेल तेच सांगा. ऐकीव चमत्कार सांगू नका. नसेल ठाऊक तर "विचारून सांगतो" म्हणा, त्यात कमीपणा नाही. तिसरी, एका माणसाला दोन तासांपेक्षा जास्त दारात उभं करू नका. थकलेला माणूस ओरडतो, आणि पाहुण्याला वाटतं बाबासाहेबांच्या घरूनच आपल्याला हाकललं. चौथी, निम्म्या स्वयंसेविका असाव्यात. आपल्या आया-बहिणी मनातलं बाईलाच विचारतात.

हे सगळं मुंबई-दिल्लीवाल्यांनी करायचं आणि आपण ऐकायचं, असं नाही. आपल्या खान्देशातच धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. 1937 साली कोर्टाच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले, तेव्हा ते या बंगल्यावर थांबले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी 31 जुलैला तिथे लोक जमतात. दिवस पावसाचे, वाट डोंगराची, जागा जंगलाची. पत्रावळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, भोंगे यांनी त्या जागेचं काय होतं, ते जाणाऱ्याने पाहिलं आहे. जळगावातच जुन्या गावात बहिणाबाई चौधरींचा वाडा संग्रहालय म्हणून जपला आहे. शेतीची, स्वयंपाकाची साधी अवजारं तिथे ठेवली आहेत. साध्या माणसाच्या वस्तूही इतिहास असतात, हे तिथे जाऊन मुलांना दाखवा.

म्हणून या वर्धापन दिनी विहाराला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, पंधरा-वीस मुलामुलींचं पथक तयार करा. त्यांनी राजगृह आणि लांडोर बंगला यांची माहिती नीट वाचावी आणि विहारातच एकमेकांना सांगून सराव करावा. दोन, 31 जुलैला या पथकाने लळिंगला जावं, तिथल्या मंडळींना विचारून काम मागावं. पाणी वाटावं, म्हाताऱ्यांना वाटेवर हात द्यावा आणि निघताना कचरा गोळा करून आणावा. तीन, आपल्या गावातल्या वृद्धांकडे जुने फोटो, पत्रं, सभांची पत्रकं, दीक्षेच्या वेळच्या आठवणी आहेत. त्या उतरवून घ्या, खाली नाव आणि तारीख लिहा आणि विहाराच्या एका कपाटात जपा. दरसाल एकदोन घरांतून अशी माणसं उठून जातात, आणि त्यांच्या पेट्या माळ्यावर वाळवीला मिळतात.

विहार बांधायला आपण पै-पै जमवली. वास्तू जपणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. जो आपलं दार नीट उघडतो, त्याच्याकडे माणसं पुन्हा येतात. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!