तिरंगी मांजरीचा पाठ



खेड तालुक्यातील कोणत्याही वाडीत काळ्या, पिवळ्या व पांढऱ्या ठिगळांची मांजर पडवीत पहुडलेली विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. परंतु असे तिरंगी जनावर जवळजवळ नेहमी मादीच असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. तिचे कारण उलगडून दाखविणे हा आनुवंशिकतेचा उत्तम पाठ होय.

मांजरीच्या शरीरपेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यांपैकी एक जोडी लिंग ठरविते. मादीत दोन एक्स असतात. बोक्यात एक एक्स व एक वाय असतो. पिवळ्या रंगाचे जनुक एक्सवर असते. बोक्याजवळ एक्स एकच, म्हणून तो काळा तरी होतो, नाही तर पिवळा तरी. मादीच्या एकाच एक्सवर पिवळेपणा असल्यास तिच्या अंगावर दोन्ही रंग उमटतात. कारण गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीतील एक एक्स निष्क्रिय होतो. हा सिद्धान्त मेरी लायन ह्या इंग्रज विदुषीने १९६१ साली मांडला. पांढरी ठिगळे मात्र निराळ्या जनुकामुळे येतात. क्वचित तिरंगी बोका आढळतो; त्याच्याजवळ बहुधा एक एक्स अधिक असतो.

ह्या पाठास उपकरणे लागत नाहीत. गावात मांजर व्याल्यास मुलांनी आईचा रंग, पिलांचे रंग व लिंग वहीत नोंदवावे. मात्र पिले लहान असताना हाताळू नयेत. एकाच वेतातील पिलांचे बाप निरनिराळे असू शकतात, म्हणून बापाविषयी तर्क करू नये. नर पिलास एक्स मिळतो तो केवळ आईकडून. त्यामुळे बाप कोणत्याही रंगाचा असो, काळ्या मांजरीचे नर पिलू पिवळे होत नाही. मुलांनी हे आधी सांगावे व मग पडताळून पाहावे.

वरच्या वर्गात येथून एक पाऊल पुढे जावे. आई प्रत्येक पिलास एक्सच देते. बापाकडून एक्स आला तर मादी, वाय आला तर नर. मनुष्यातही हाच नियम आहे. मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणारी घरे अजूनही आहेत. त्या घरातील मूल हा नियम स्वतःच्या नोंदवहीतून शिकले, तर आईवरील दोषारोप निराधार आहे हे त्यास कोणी वेगळे सांगावयास नको. शिक्षकाच्या हातून ह्याहून मोठे कार्य ते कोणते?