बालकांचा दमा : ‘बरा आहे’ म्हणण्यापूर्वी

(आरोग्य शिबिराप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्यक क्षेत्रातला नाही. कापडाच्या पेढीवर आयुष्य घालविलेला एक व्यापारी आहे. तरीही आज बालकांच्या दम्याविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. आमच्या घरी जी चूक झाली ती आपल्या घरी होऊ नये, एवढीच त्यामागील भावना आहे.

माझ्या नातवाला वयाच्या सहाव्या वर्षी दम्याचे निदान झाले. दर खेपेस डॉक्टर विचारीत, “कसा आहे?” आणि मी उत्तर देई, “बरा आहे. मोठा अटॅक आलेला नाही.” तो नऊ वर्षांचा असताना एकदा डॉक्टरांनी मला थांबविले व त्यालाच विचारले, “क्रिकेटमध्ये तू काय करतोस?” तो म्हणाला, “मी स्कोअर लिहितो. पळालो की खोकला येतो.” मी निःशब्द झालो. मुलगा शांत स्वभावाचा आहे, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्याने धावणेच सोडून दिले होते.

दिवाळीला तिजोरीत रोकड दिसली म्हणून पेढी नफ्यात आहे, असे आपण मानीत नाही. रोजमेळ आणि खतावणी पाहतो. दम्याचेही तसेच आहे. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या १९९३ साली स्थापन झालेल्या जागतिक उपक्रमाने त्यासाठी चार साधे प्रश्न दिले आहेत. सहा वर्षांच्या व त्यावरील मुलांबाबत ते गेल्या चार आठवड्यांपुरते विचारावयाचे असतात. दिवसा खोकला, धाप वा घरघर आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा झाली का? दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का? तात्काळ आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का? खेळण्या-बागडण्यावर मर्यादा आली का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे. एक वा दोन ‘होय’ असतील तर तो अंशतः आटोक्यात, आणि तीन वा चार असतील तर अनियंत्रित समजावा. पाच वर्षे व त्याखालील बालकांसाठी ‘दोनपेक्षा अधिक’ऐवजी ‘एकापेक्षा अधिक’ हे माप धरतात.

चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी सात प्रश्नांची एक चाचणीही आहे. तिच्यातील पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे मूल स्वतः, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे पाहून देते. उरलेल्या तिन्हींची पालक देतात. एकूण गुण २७. बेरीज १९ किंवा त्याहून कमी आली, तर नियंत्रण अपुरे समजून डॉक्टरांशी बोलावे. मुलाला प्रथम विचारण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण रात्रीचा खोकला आणि मैदानावरची धाप पालकांच्या दृष्टीस पडतेच असे नाही.

मात्र केवळ गुणांवर विसंबू नये. लक्षणे कमी असलेल्या मुलालाही तीव्र अटॅक येऊ शकतो. म्हणून गेल्या वर्षभरातील अटॅक, औषधांच्या चुकलेल्या मात्रा, पंप घेण्याची पद्धत आणि घरातील धूर यांचीही डॉक्टर चौकशी करतात. मोठ्या मुलांची फुंकर मोजून फुप्फुसांची तपासणीही करतात.

आमच्या घरी नेमके येथेच सापडले. ‘बरे वाटते’ म्हणून प्रतिबंधक पंप आम्हीच परस्पर बंद केला होता, आणि दुसरा पंप तो स्पेसरविना, घाईघाईने ओढीत होता. या दोन गोष्टी दुरुस्त झाल्या आणि पुढील काही महिन्यांत फरक दिसू लागला.

पालकांना माझी विनंती आहे. एक लहान वही ठेवा. रात्रीची जाग, खोकला आणि पंपाचा वापर तारखेनिशी लिहा व ती वही डॉक्टरांना दाखवा. औषध स्वतःहून बंद करू नका. आणि मूल धापेमुळे सलग बोलू शकत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वही बाजूला ठेवून आराम देणारा पंप देत तत्काळ रुग्णालय गाठा.

गेल्या सुट्टीत नातू मैदानावरून घामाघूम होऊन, कपडे मळवून घरी आला. सूनबाई रागावल्या नाहीत. मीही रागावलो नाही.